घरटी एक लाकूड

शकू, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. दूध उतू जातंय म्हणायचीस आणि स्वयंपाकघरात पसार व्हायचीस, आणि मी इकडे पुढचे मुद्दे जुळवत बसलेला. या वेळी उतू काही जात नव्हतं. या वेळी तू दवाखान्यात शुद्धीवरच आली नाहीस, आणि आपली हुज्जत होती तिथे राहिली. परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले, लेक रश्मी काल पुण्याला गेली, आणि इंदिरानगरच्या या घरात आता मी आणि तुझ्या कुंड्या. म्हटलं, आता निवांत भांडू. ऐकून घ्यायची तुला सवय नाही, ठाऊक आहे. पण आता इलाज नाही.

तुझ्या कॉलेजातल्या बाई येऊन गेल्या. स्मरणिका काढताहेत म्हणे, तुमच्याही दोन ओळी द्या. जन्मगाव, पदव्या, शोधनिबंध हे सगळं त्यांचं त्या लिहितील. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुला एकच विचारायचंय. त्या दुपारी अमरधाममध्ये तुझं जे केलं, ते तुला चाललं असतं का? सगळे येऊन सांगतात, बरोबर केलंत हो. त्यांना काय डोंबल माहीत!

आपलं घर म्हणजे एक विनोदच होता. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कोळसा जाळायचो आणि तू, माणसं जळण कसं बदलतात आणि का बदलत नाहीत, याचा अभ्यास करायचीस. एका छपराखाली हे दोन धंदे. सकाळच्या चहाला भांडायचं निमित्त शोधावं लागत नव्हतं. 'शाश्वत विकास' हा शब्द तू पहिल्यांदा घरात आणलास तेव्हा मी म्हटलं होतं, 'शाश्वत फक्त लोडशेडिंग आहे, बाकी सगळं येतं-जातं.' तू हसली नाहीस. तुझ्या कामावरचे माझे विनोद तुला कधीच आवडले नाहीत, आणि मी ते करायचे कधी सोडले नाहीत.

पण कबूल करतो, तुझं बघणं वेगळं होतं. नव्वदच्या सुमारास आपल्या कॉलनीने हौसेने सवलतीतले सौर कुकर घेतले, आणि वर्षाच्या आत गच्चीवर त्या पेट्यांमध्ये रद्दी जाऊन बसली. मी म्हटलं, आळस, दुसरं काय! तू घरोघर जाऊन बायकांशी गप्पा मारत बसलीस आणि येऊन मला म्हणालीस, आळस नाही, गच्ची सामाईक आहे. पेटीला वरून काच. कुणाच्या डब्यात काय शिजतंय, महिनाअखेरीला कुणाकडे नुसती खिचडी, कुणाकडे एकादशीला अंडी, हे सगळ्या बिल्डिंगला दिसतं. 'ऊन फुकट आहे हो वहिनी, पण आमची अब्रू फुकट नाही,' असं खालच्या मजल्यावरच्या मंडलिकबाई म्हणाल्या होत्या. मी तोंडात घास धरून ऐकत राहिलो. आमच्याकडे यंत्र चाललं नाही की यंत्र उघडतात. तू माणूस उघडून बघायचीस, आणि तेही त्याला न दुखवता.

मग तू तो अमरधामचा विषय घेतलास, आणि तिथून आपलं खरं वाजलं. विद्युतदाहिनी बसवलेली होती आणि ती बहुतेक दिवस थंड पडून असायची. शेजारी मात्र लाकडांचे ढीग, आणि डोंगर तर तिकडे बोडके होत चाललेले. सगळे म्हणायचे, लोकांचा धर्म आड येतो. तू म्हणालीस, असं कुणी विचारलंय का लोकांना? आणि निघालीस विचारायला. तुझा नियम कडक. दुःखाच्या घरी तेरावं होईपर्यंत पाय ठेवायचा नाही. नंतर जायचं, पाणी प्यायचं, आणि विषय त्यांनी काढला तरच बोलायचं. नाही काढला तर पाणी पिऊन परत. कितीदा नुसतं पाणी पिऊन परत आलीस. मी म्हणायचो, आज किती पेले पाण्याचा अभ्यास झाला?

कॉलनीत तुझं नाव पडलं, अमरधामवाल्या बाई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू गेलीस की बायका हसून या या म्हणायच्या, वाण द्यायच्या, पण नव्या सुनांना तुझ्याजवळ बसू द्यायच्या नाहीत. तू ते मला कधी सांगितलं नाहीस. मला मंडलिकांनी सांगितलं. त्या दिवशी मला इतका राग आला होता की मी त्यांच्याच घरी चहा न पिता उठलो. घरी येऊन तुझ्यावरच ओरडलो, 'दुसरे विषय संपले का जगातले?' तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं न थांबवता म्हणालीस, 'या विषयाकडे कुणी बघत नाही, म्हणून तर तो शिल्लक आहे.'

आणि तुला सापडलं ते साधंच होतं. धर्माचं नाव लोक सांगायला सांगतात, पण अडतं दुसरीकडेच. लाकडावर माणसांच्या हाताला काम असतं. कुणी रचतो, कुणी तूप घालतो, मुलगा मडकं घेऊन फेरे मारतो, भाऊबंद शेवटपर्यंत थांबतात. दाहिनीत मात्र लोखंडी दार उघडतं, माणूस आत जातो, दार बंद होतं, आणि खाकी शर्टातला अनोळखी माणूस बटण दाबतो. संपलं. मुलगा हात लोंबकळत उभा. एकाने तुला सांगितलं होतं ना, आईला कुरिअरने पाठवल्यासारखं वाटलं म्हणून? तू पाठपुरावा करून तिथे फेऱ्याला जागा करवलीस, मडक्याची सोय करवलीस, आणि बटण घरच्याच कुणीतरी दाबायचं अशी पद्धत पाडलीस. त्यानंतर माणसं थोडी थोडी यायला लागली. सातपूरचे ते वर्कशॉपवाले बोरसे तुझ्या शब्दावर आईला तिथे घेऊन गेले, आणि त्यांचे सख्खे भाऊ त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. बोरसेंची आठवण निघाली की तू उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचीस.

माझा मुद्दा साधा होता, आणि तो मी शंभरदा तुझ्या तोंडावर मारला असेल. 'दाहिनीला वीज कुठून येते, शकू? माझ्याकडून. मी ती कशातून करतो? कोळशातून. मग झाड वाचलं म्हणून टाळ्या कसल्या वाजवता?' तू म्हणायचीस, 'झाडं आणि कोळसा मोजणारे पुष्कळ आहेत. मी माणसं बघतेय. ज्याला एकदा एक जुनी गोष्ट प्रेमाने सोडता आली, त्याला दुसरीही सोडता येते. उद्या तुमचा कोळसासुद्धा.' मी म्हणायचो, 'माझ्या पेन्शनपर्यंत तरी थांबा.' आणि तुझं दूध उतू जायचं.

पण हे सगळं वरवरचं. खरं भांडण तुझे वडील गेले तेव्हाचं आहे.

देवळ्यापुढच्या तुझ्या गावी गेलो होतो. तिथली रीत मी तोवर पाहिली नव्हती. कुणी गेलं की कुणी कुणाला सांगत नाही, घरटी एक लाकूड निघतं. ज्याच्या परसात जे असेल ते, बाभळीचं, बोरीचं, लिंबाचं. डोक्यावर, खांद्यावर, सायकलला बांधून माणसं ते मसणवटीत आणून टाकतात आणि नुसती उभी राहतात. तुझी आई बाजेवर रडत बसली होती आणि मधेच डोळे पुसून विचारत होती, 'खालच्या आळीच्या आबाचं आलं का?' त्या आबाशी बांधावरून तुमचं बोलणं बंद होतं, तू कॉलेजात होतीस तेव्हापासून. तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं, आलं, आबाचं आलं, आंब्याचं आलं. तेव्हा कुठे म्हातारी पुन्हा रडली.

आणि तू? शहरात भाषणं देणारी, दाहिनीचा अभ्यास करणारी माझी बायको, पदर खोचून परसात गेली, लिंबाचा ओंडका उचलला, आणि बापाच्या सरणाजवळ नेऊन ठेवला. दाहिनीचं नावही काढलं नाहीस. सरपंच तिथेच होते, तुला मानणारे. तालुक्याला दाहिनी मागायची तर यापेक्षा चांगली वेळ कोणती, असं मला वाटलं. परतीच्या एसटीत मी तेच बोललो. 'बाहेर व्याख्यानं, आणि घरी ओंडके?' बस सटाणा रस्त्याला हेलकावे खात होती. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, 'गप्प बसा.' मी गप्प बसलो नाही. मग तू बरेच दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

बोललीस ती पुढे एकदा, कपडे वाळत घालता घालता, आपल्याच गच्चीवर. 'तिथं लाकूड नको म्हणणं म्हणजे माणूस नको म्हणणं. ते मला जमलं नाही. अभ्यास एवढा केला आणि हे जमलं नाही.' मी चिमटे देत होतो. म्हटलं, 'बरं. आणि तुझ्या वेळेला काय करायचं? लाकूड की वीज?' तू हसलीस. मनापासून हसलीस, हे मला पक्कं आठवतंय. म्हणालीस, 'माझं तुम्ही बघा. मी थोडीच असणार तिथं?' आणि खाली गेलीस. तेव्हासुद्धा दूधच.

हे एवढंच. याउप्पर तू काही सांगितलं नाहीस, मी काही विचारलं नाही. आणि मग ती सकाळ आली.

तुला घरी आणलं तेव्हा तुझे कॉलेजातले लोक आधीच फाटकाशी उभे होते. सगळ्यांचं ठरलेलं. 'मॅडमची इच्छा तर जगजाहीर आहे, सर. विद्युतदाहिनीच.' मला चीड आली. तुमच्याशी बोलली होती? असं तोंडावर आलं होतं, गिळलं. रश्मीही तेच म्हणत होती, डोळे सुजलेले, पण आवाज अगदी तुझा. 'बाबा, आईने आयुष्य घातलंय यात.' ठीक आहे, म्हटलं. मी लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून दुपारची वेळ ठरवली. त्या भागात वीज सकाळी जायची, दुपारी असायची. हसू नकोस. आयुष्यभर ज्यावर घरदार चाललं, त्याच्यावर माणूस भरवसा ठेवतो.

तेवढ्यात कोपऱ्यावरून टेम्पो वळला. कांद्याचा टेम्पो, पाल्याची धूळ अजून चिकटलेली, पुढे तुझा भाऊ केदा बसलेला, मागे गावाची माणसं आणि तुझी चुलती. आणि माणसांच्या पायाशी लाकडं. मला आधी कळेचना. केदा उतरला, तुझ्यासाठी आणलेली माहेरची हिरवी साडी काखेत, माझ्या गळ्यात पडून रडला. मग नाक पुसून म्हणाला, 'दाजी, गावातून समद्यांच्या घरचं आलंय. म्या कुणाला सांगितलं नाय. टेम्पो देवळापाशी उभा केला आन् लोकं आणून टाकत गेली. पिंजाऱ्याच्या घरचं हाय, भिलाटीतलं हाय. आबा तर गेला, त्याच्या नातवानं आणून दिलं.'

लेकीला माहेरचं सरपण जात नाही, शकू. एवढं मलाही कळतं. रीत गावातल्या गावात. दिल्या घरी गेलेल्या बाईसाठी एवढ्या लांब कुणी लाकूड पाठवत नाही. तुझ्यासाठी पाठवलं. तू तिथे दर उन्हाळ्यात ओट्याओट्यावर बसून जी माणसं जोडलीस, त्यांचं ते उत्तर होतं. आणि नेमकं ते माझ्या दारात येऊन थांबलं होतं.

रश्मीने टेम्पोत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. 'मामा, नाही. आईचं दाहिनीत करायचंय.' केदाला आधी वाटलं पोर दुःखात बोलतेय. मग त्याला कळलं. 'आन् ही लाकडं?' तो म्हणाला. 'गावात जाऊन काय सांगू मी? तुमचं लाकूड नको म्हनली आक्का? सरणाचं लाकूड घरातून निघालं की माघारी नेत नाय, दाजी. कुठं टाकू मी ही, महामार्गावर?' चुलती तुझ्या उशाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, 'मन्ही पोर शे ती. तिले असं लोखंडमा घालतस का?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॉलेजचे, गावाचे, कॉलनीचे. मला एक वाक्य बोलायचं होतं. 'तिने सांगितलं होतं.' लाकडासाठी बोललो असतो तरी चाललं असतं आणि विजेसाठी बोललो असतो तरी. मेलेल्या माणसाच्या इच्छेपुढे कुणी बोलत नाही. पण तू सांगितलं नव्हतंस ना. तू हसली होतीस. तुझ्या तोंडी शब्द घालायची माझी हिंमत झाली नाही, तू जिवंत असताना झाली नाही ती आता कुठून होणार? मी म्हटलं, 'तिने मला काहीही सांगितलेलं नाही. ठरवायचं मलाच आहे, आणि मी ठरवतोय. दाहिनी.'

रश्मी चवताळली. 'बाबा, सांगितलं नाही कसं म्हणता? सगळं जग जाणतं.'   केदाने हिरवी साडी चुलतीच्या मांडीवर ठेवली आणि टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून.

का ठरवलं ते फक्त तुला सांगतो. फाटकाबाहेर बोरसे उभे होते. सातपूरहून आलेले, एकटे, चपला काढून. ते टेम्पोतल्या लाकडांकडे बघत होते. पुढे आले नाहीत. त्यांनी आईला तुझ्या शब्दावर त्या दारातून पाठवलं होतं, आणि त्यापायी भाऊ गमावले होते. तू स्वतः लाकडावर गेली असतीस, तर तो माणूस घरी जाऊन काय म्हणाला असता? मला ते बघवलं नाही. झाडं नाही, कोळसा नाही, तुझी तत्त्वंसुद्धा नाहीत. बोरसे. एवढं साधं कारण होतं. तूही असंच माणूस बघून ठरवलं असतंस की नाही, हे मला अजून कळत नाही, कारण माणूस तर केदाही होता.

अमरधामला पोचलो. टेम्पो मागून आला, कारण गावची माणसं दुसऱ्या कशात बसून येणार? लाकडं त्यांनी एका बाजूला उतरवली आणि त्यांच्याजवळच उभे राहिले, आमच्यापासून लांब. भट्टी तापली होती. तुला ट्रॉलीवर ठेवलं. रश्मीने मडकं खांद्यावर घेतलं, आणि वरचा दिवा गेला. पंखा फिरत फिरत थांबला. भट्टीची घरघर बंद झाली. मी वर बघत राहिलो. वेळापत्रकात नव्हतं, शकू. मी दोनदा बघितलं होतं.

तिथला माणूस भला. म्हणाला, 'साहेब, येईल. जनरेटरवर दिवे लागतात, भट्टी नाही चालत. आणि एकदा गार पडायला लागली की पुन्हा तापवावी लागते.' मी एकलहऱ्याला फोन लावला. माझ्याच हाताखाली तयार झालेला पोरगा शिफ्टवर होता. 'सर, आपलं चालू आहे, वरून लोड कापलाय. माझ्या हातात काही नाही.' हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. तुझ्या माहेरचे लोक दर उन्हाळ्यात फोन करायचे, काय हो जावईबापू, लाईट कधी सोडताय? मी म्हणायचो, येईल, येईल. आता तेच सगळे समोर उभे होते, आणि एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ऊन कलायला लागलं. कॉलेजचे लोक घड्याळं बघायला लागले. रश्मीने मडकं खाली ठेवलं होतं आणि तुझ्या पायांशी बसली होती. केदा आला. अगदी हळू, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, 'दाजी, लाकडं हायेत.' त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो. मी रश्मीकडे बघितलं. ती मान हलवत होती, नाही, नाही. बोरसे भिंतीशी उभे. मला वाटलं, बास, नको आता हे, रचा लाकडं आणि संपवा. ओठावर आलं होतं. आणि तरी मी म्हटलं, 'थांबू थोडं.' का म्हटलं? विचारू नकोस. हटवादीपणा म्हण. तुझ्याशी भांडून भांडून लागलेली सवय म्हण.

केदा परत गेला. त्याला काय करावं कळेना. तो लाकडांभोवती चकरा मारत होता, एखादं उचलायचा, परत ठेवायचा. गावची माणसंही तशीच. हात लोंबकळत. तू लिहिलं होतंस तेच माझ्यासमोर चाललं होतं, आणि ज्यांच्यावर ते चाललं होतं ते तुझे सख्खे होते. मला तुझा राग आला. एवढं सगळं समजलं होतं तर आपल्या घरासाठी काही करून का नाही ठेवलंस? दुसऱ्यांच्या घरी पाणी पीत बसलीस!

मग केदाने तिथल्या माणसाला काहीतरी विचारलं. तो आत गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. मला वाटलं, हा आता न विचारता सरण रचतोय. मी पुढे झालो. केदाने एक ओंडका आडवा घातला आणि त्याच्या कडेला बेताने घाव घातला. बोटाएवढी ढलपी उडाली. ती त्याने उचलली, धूळ फुंकली, आणि चुलतीच्या हातात दिली. 'हे आपल्या घरचं.' दुसरा ओंडका ओढला. 'हे पिंजाऱ्याचं.' पुन्हा घाव. 'हे भिलाटीतलं.' एकेका घराचं नाव घेत होता आणि ढलपी एकेकाच्या हातात देत होता. 'एवढं चालतं ना आत?' त्याने विचारलं. भट्टीवाला म्हणाला, 'चंदन टाकतात, तुळस टाकतात. हेही चालतंय की.'

चुलती सगळ्यांत आधी आली. लोखंडाला हात लावायला कचरली, मग पदराने ट्रॉली पुसली, आपल्या घरच्या ओट्यासारखी, आणि ढलपी तुझ्या छातीवर ठेवली. मग बाकीचे. रश्मी उठली, मामापुढे हात केला. केदाने तिला आबाच्या नातवाने दिलेल्या लाकडाची दिली. चुलतीने तुझ्यावर पांघरलेली ती हिरवी साडी छातीवर दिसेनाशी झाली. बोरसे अजून भिंतीशीच होते. केदाने त्यांना ओळखायचं काही कारण नव्हतं, पण एक माणूस रिकाम्या हाताने उभा आहे हे त्याला दिसलं. त्याने त्यांनाही दिली. बोरसे ती ठेवताना इतके रडले की केदाच त्यांना धरून बाजूला घेऊन गेला. उरलेली लाकडं तिथेच ठेवली, ज्यांचं कुणी नसतं त्यांच्यासाठी.

हे तुझ्या कुठल्याच निबंधात नव्हतं. मी सगळे वाचलेत. तुला वाटायचं मी वाचत नाही.

वीज आली. भट्टी पुन्हा तापेपर्यंत सगळे तिथेच बसून होते, गावाचे आणि शहरातले एकाच सावलीत, आणि कुणी घड्याळ बघत नव्हतं. रश्मीने मडकं घेऊन फेरे मारले. मग भट्टीवाला माझ्याकडे आला आणि तू पाडलेल्या पद्धतीप्रमाणे विचारलं, 'साहेब, बटण कोण दाबणार?'

मी, म्हटलं. दुसरं कोण? उभं आयुष्य बटणं दाबण्यात गेलं माझं. बंद पडलेले बॉयलर पेटवले, माझ्या एका बोटावर अर्ध्या जिल्ह्यात उजेड पडायचा. हे तर साधं हिरवं बटण, दाराशेजारी, हाताच्या उंचीला. बोट ठेवलं आणि दाबेना, शकू. बोटात जोर होता, पण दाबेना. हे दाबलं की तू बरोबर होतीस की मी, हे विचारायला कुणी उरणार नव्हतं. मागे रश्मी 'बाबा, बाबा' म्हणत होती.

केदा पुढे आला. हाताला लाकडाचा भुसा, डोळे लाल. सकाळपासून त्याने माझ्याकडे सरळ बघितलं नव्हतं. तेव्हाही बघितलं नाही, तुझ्याकडेच बघत होता. त्याने आपला हात माझ्या हातावर ठेवला.

'दाबा, दाजी,' म्हणाला. 'आक्का लय ताटकळली.'

आम्ही दोघांनी दाबलं.